ग्रीन बे पॅकर्सचा ड्राफ्ट: एका चाहत्याचा हिशेब

२३ एप्रिल २०२० च्या रात्री ग्रीन बे पॅकर्स या अमेरिकन फुटबॉलच्या संघाने ड्राफ्टमध्ये, म्हणजे महाविद्यालयीन खेळाडूंना क्रमाने निवडून घेण्याच्या वार्षिक कार्यक्रमात, असा एक खेळाडू निवडला, ज्याची त्या क्षणी संघाला गरज नाही यावर बहुतेक चाहत्यांचे एकमत होते. तीनच महिन्यांपूर्वी हा संघ सुपर बोलच्या, म्हणजे हंगामाच्या अंतिम सामन्याच्या, उंबरठ्यावर पोहोचून सॅन फ्रान्सिस्कोकडून ३७-२० असा हरला होता. ॲरन रॉजर्ससारखा क्वार्टरबॅक, म्हणजे आक्रमणाची सूत्रे हलवणारा आणि चेंडू फेकणारा खेळाडू, संघाकडे होताच. उणीव होती ती त्याने फेकलेला चेंडू झेलणाऱ्या रिसीव्हरांची, आणि त्या वर्षी महाविद्यालयांतून बाहेर पडणारे रिसीव्हर भरपूर आणि दर्जेदार होते. अशा वेळी सरव्यवस्थापक ब्रायन गुटेकुन्स्ट यांनी आपला तिसावा क्रमांक आणि चौथ्या फेरीतील एक निवड मायामीला दिली, त्या बदल्यात सव्विसावा क्रमांक घेतला आणि युटा स्टेट विद्यापीठाच्या जॉर्डन लव्हचे नाव पुकारले. लव्हसुद्धा क्वार्टरबॅकच होता.

त्या निवडीवर पॅकर्सच्या चाहत्यांत आजही वाद होतात. मी त्या निवडीच्या बाजूचा आहे. मात्र तिची किंमत संघाने कोठे चुकवली, याबद्दल सर्रास जे सांगितले जाते ते मला पटत नाही. माझे म्हणणे नीट मांडायचे तर ड्राफ्टमध्ये संघांच्या हाती नेमके काय पडते, हे आधी पाहावे लागेल.

आयपीएलच्या लिलावाची सवय असलेल्या वाचकाने एक गोष्ट आरंभीच लक्षात घ्यावी, की ड्राफ्टमध्ये बोली नसते. नॅशनल फुटबॉल लीगमधील ३२ संघ ठरलेल्या क्रमाने एकेक खेळाडू निवडतात आणि हा क्रम मागच्या हंगामातील कामगिरीच्या उलट असतो: सर्वांत वाईट संघ पहिला, विजेता संघ शेवटचा. अशा सात फेऱ्या एप्रिलच्या अखेरीस तीन दिवसांत पार पडतात आणि अडीचशेहून अधिक तरुणांची नावे पुकारली जातात. शालेय शिक्षण संपून किमान तीन वर्षे झालेली असणे एवढी खेळाडूसाठी अट असते. ज्या संघाने निवडले त्या संघाशीच त्याला करार करावा लागतो. आपल्याला कोठे खेळायचे आहे हे सांगण्याची सोय त्याला जवळजवळ नसते. ही पद्धत फिलाडेल्फिया ईगल्सचे मालक बर्ट बेल यांनी १९३५ मध्ये सुचवली. चांगले खेळाडू न्यूयॉर्क आणि शिकागोच्या बलाढ्य संघांकडे जातात आणि बाकीचे संघ हरतच राहतात, अशी त्यांची तक्रार होती. १९३६ मध्ये पहिला ड्राफ्ट झाला आणि त्यात पहिले नाव पुकारले गेले ते शिकागो विद्यापीठाच्या जे बरवँगरचे. हा खेळाडू पुढे लीगमध्ये एकही सामना खेळला नाही. ड्राफ्टमधली अनिश्चितता अशी पहिल्या नावापासूनची आहे.

बोली नसली तरी पैशाचा प्रश्न संपत नाही, उलट सगळी गोम तिथेच आहे. १९९४ पासून लीगमध्ये प्रत्येक संघाच्या एकूण पगारावर मर्यादा आहे. २०२५ च्या हंगामात ती २७ कोटी ९२ लाख डॉलर होती. मालक कितीही श्रीमंत असला तरी त्याला या रकमेच्या फार पलीकडे जाता येत नाही. त्यामुळे एखादा खेळाडू किती चांगला आहे यापेक्षा तो त्याच्या पगाराच्या मानाने किती चांगला आहे, हा प्रश्न संघासाठी मोठा ठरतो. २०१० पर्यंत ड्राफ्टमधील पहिले खेळाडूही भरमसाट पैसे घेत असत. त्या वर्षी पहिल्या क्रमांकावर निवडल्या गेलेल्या सॅम ब्रॅडफर्डशी सेंट लुईसने सहा वर्षांचा, ७ कोटी ८० लाख डॉलरचा करार केला आणि त्यातील ५ कोटींची हमी दिली. २०११ मध्ये खेळाडूंची संघटना आणि लीग यांच्यात नवा करार होऊन नवोदितांचे पगार निवडीच्या क्रमांकाप्रमाणे बांधून दिले गेले, आणि त्या वर्षीचा पहिला खेळाडू कॅम न्यूटन चार वर्षांसाठी २ कोटी २० लाखांवर आला. म्हणजे आज ड्राफ्टमधून संघाच्या पदरात पडतात ती एका तरुणाची स्वस्तातली चार वर्षे. पहिल्या फेरीतल्या खेळाडूचे पाचवे वर्ष राखून ठेवण्याचा अधिकारही संघाला असतो, पण त्याची किंमत बरीच चढी असते. ही चार वर्षे कधी सुरू होतात, कधी संपतात आणि त्यांतली किती वर्षे तो तरुण प्रत्यक्ष मैदानावर असतो, यावर माझ्या मते संपूर्ण ड्राफ्टचा हिशेब उभा आहे.

पॅकर्सना हा हिशेब इतरांपेक्षा अधिक काटेकोरपणे करावा लागतो, आणि त्याचे कारण त्यांच्या गावात आहे. विस्कॉन्सिनमधले ग्रीन बे हे जेमतेम एक लाखाहून थोडी अधिक वस्ती असलेले गाव आहे आणि लीगमधल्या सर्व गावांत ते सर्वांत लहान आहे. संघाला मालक नाही. १९२३ मध्ये गावकऱ्यांना भाग विकून संघ वाचवण्यात आला आणि आज पाच लाखांहून अधिक भागधारक त्याचे धनी आहेत. त्यांना लाभांश मिळत नाही आणि भाग नफ्याने विकताही येत नाही. करारातून मोकळा झालेला नामांकित खेळाडू मायामीचे ऊन आणि लॉस एंजेलिसचा झगमगाट सोडून या थंडीत यायला सहसा राजी होत नाही. १९९३ मध्ये रेजी व्हाइट हा नामांकित बचाव खेळाडू आला तेव्हा साऱ्या लीगला आश्चर्य वाटले होते, आणि तीस वर्षांनंतरही त्याचाच दाखला द्यावा लागतो यावरून अशा घटना किती विरळा आहेत ते कळते. म्हणून पॅकर्सचा रिवाज असा पडला, की खेळाडू ड्राफ्टमधून घ्यायचे, घरी घडवायचे, त्यांच्यातल्या मोजक्यांना मोठे करार द्यायचे आणि बाकीच्यांना जाऊ द्यायचे. त्यातही एक सोय आहे. गेलेल्या खेळाडूंना इतर संघांनी मोठे करार दिले, तर लीग भरपाई म्हणून पुढच्या ड्राफ्टमध्ये तिसऱ्या ते सातव्या फेरीच्या अखेरीस जादा निवडी देते.

२००५ ते २०१७ या काळात संघाचा कारभार पाहणारे टेड थॉम्पसन यांनी हा रिवाज जवळजवळ धर्मासारखा पाळला. आज कोणती जागा रिकामी आहे हे न पाहता समोर असलेल्यांपैकी सर्वांत चांगला खेळाडू उचलायचा, कारण तो मैदानावर उभा राहीपर्यंत आजची रिकामी जागा भरलेली आणि आजची भरलेली जागा रिकामी झालेली असेल, असा त्यांचा विचार होता. त्यांच्या पहिल्याच ड्राफ्टमध्ये रॉजर्स घसरत घसरत चोविसाव्या क्रमांकापर्यंत आला. संघात क्वार्टरबॅक ब्रेट फार्व्ह ठणठणीत खेळत होता. तरीही थॉम्पसन यांनी रॉजर्सला घेतले आणि तीन वर्षे बाकावर बसवले. २००८ मध्ये त्याच्या हाती संघ आला आणि फेब्रुवारी २०११ मध्ये त्याने पिट्सबर्गला ३१-२५ असे हरवून सुपर बोल जिंकला. २०२० ची लव्हची निवड हा त्याच निर्णयाचा पुढचा अध्याय होता.

रिसीव्हरांच्या बाबतीत तर पॅकर्सचा इतिहास अधिकच बोलका आहे. २००२ मध्ये जेव्हॉन वॉकर घेतल्यानंतर २०२५ पर्यंत, म्हणजे सलग २२ ड्राफ्टमध्ये, त्यांनी पहिल्या फेरीत एकही रिसीव्हर घेतला नाही. २०२५ चा ड्राफ्ट ग्रीन बे गावातच लॅम्बो फील्ड या पॅकर्सच्या मैदानाच्या आवारात भरला होता. तेथे तेविसाव्या क्रमांकावर मॅथ्यू गोल्डनचे नाव पुकारले गेले तेव्हा हा खंड संपला. मधल्या काळात संघाला रिसीव्हर मिळाले नाहीत असे मात्र मुळीच नाही. ग्रेग जेनिंग्ज, जॉर्डी नेल्सन, रँडल कॉब आणि डेव्हान्टे ॲडम्स हे चौघेही दुसऱ्या फेरीतले. नेल्सनसाठी तर थॉम्पसन तिसाव्या क्रमांकावरून छत्तिसाव्यावर खाली उतरले, न्यूयॉर्क जेट्सकडून चौथ्या फेरीतली एक निवड वर घेतली आणि ज्याला घ्यायचे त्यालाच घेतले.

हे खाली उतरणे इतके महत्त्वाचे का, हे समजण्यासाठी निवडीत किती अंदाज असतो ते पाहिले पाहिजे. १९८९ मध्ये पॅकर्सकडे दुसरा क्रमांक होता. त्यांनी मिशिगन स्टेटचा टोनी मँडरिच हा आक्रमणातला, म्हणजे आपल्या क्वार्टरबॅकचे संरक्षण करणारा, धिप्पाड रक्षक निवडला, ज्याची त्या काळी अफाट स्तुती चालली होती. त्याच्या लगेच मागून डेट्रॉइटने बॅरी सँडर्स, कॅन्सस सिटीने डेरिक थॉमस आणि अटलांटाने डिऑन सँडर्स निवडला. पहिल्या क्रमांकावर डॅलसने ट्रॉय एकमन घेतलेला होता. पहिल्या पाचांपैकी चार जण पुढे हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे सर्वश्रेष्ठ खेळाडूंच्या सन्मानयादीत, गेले, आणि पाचव्याला पॅकर्सने चार वर्षांच्या आत सोडून दिले. याच्या उलट संघाच्या इतिहासातला सर्वांत यशस्वी क्वार्टरबॅक बार्ट स्टार १९५६ मध्ये सतराव्या फेरीत, दोनशेव्या क्रमांकावर मिळाला होता. कॅड मॅसी आणि रिचर्ड थेलर या अभ्यासकांनी अनेक वर्षांच्या निवडी तपासून असे दाखवले, की एकाच जागेवर खेळणाऱ्या आणि लागोपाठ निवडलेल्या दोघांपैकी आधीचा पुढे सरस ठरण्याची शक्यता शंभरात सुमारे ५२ एवढीच असते. म्हणजे जाणकारांच्या निवडीत आणि नाणेफेकीत फारसे अंतर राहत नाही. असे असेल तर एका खेळाडूवर सर्व काही लावण्यापेक्षा अधिक निवडी हाती ठेवणे हाच शहाणपणा ठरतो.

निवडींची ही अदलाबदल डोळे मिटून होत नाही. १९९० च्या दशकाच्या आरंभी डॅलसचे प्रशिक्षक जिमी जॉन्सन यांच्या कार्यालयात एक तक्ता तयार झाला, ज्यात प्रत्येक क्रमांकाला गुण दिलेले होते: पहिल्याला ३०००, सोळाव्याला १०००, बत्तिसाव्याला ५९०. आज संघांकडे याहून बारकाईचे तक्ते आहेत, पण हिशेब समजून घ्यायला हा जुनाच पुरेसा आहे. २०१८ मध्ये पॅकर्सकडे चौदावा क्रमांक होता, ज्याचे या तक्त्यात ११०० गुण होतात. गुटेकुन्स्ट यांनी तो न्यू ऑर्लीन्सला दिला आणि बदल्यात सत्ताविसावा क्रमांक, पाचव्या फेरीतली एक निवड आणि न्यू ऑर्लीन्सची २०१९ ची पहिल्या फेरीतली निवड घेतली. सत्ताविसाव्याचे गुण ६८०. म्हणजे जवळपास ४०० गुणांच्या फरकापोटी पुढच्या वर्षीची पहिली फेरी पदरात पडली. मग सत्ताविसावा क्रमांक, तिसऱ्या फेरीतला शहात्तरावा आणि सहाव्या फेरीतली एक निवड असे मिळून सुमारे ९०० गुण सिअॅटलला देऊन तेवढ्याच गुणांचा अठरावा क्रमांक त्यांनी घेतला आणि जायर अलेक्झांडर हा उत्तम बचावपटू निवडला. चार जागा खाली सरकून, हवा तो खेळाडू घेऊन, वर पुढच्या वर्षासाठी पहिल्या फेरीतली एक निवड बांधून ठेवली. पॅकर्सच्या अलीकडच्या ड्राफ्टमधला एवढा देखणा व्यवहार मला दुसरा आठवत नाही.

पण खाली उतरण्याचा फटका कसा बसतो हेही पॅकर्सच्या चाहत्याला कोणी सांगावे लागत नाही. २०१७ मध्ये थॉम्पसन यांनी एकोणतिसावा क्रमांक क्लीव्हलँडला देऊन तेहतिसावा घेतला आणि त्यावर बचावपटू केव्हिन किंग निवडला. मधल्या तिसाव्या क्रमांकावर पिट्सबर्गने विस्कॉन्सिनमध्येच जन्मलेला आणि विस्कॉन्सिन विद्यापीठातच खेळलेला टी. जे. वॉट उचलला. २०२१ मध्ये वॉट लीगमधला सर्वोत्तम बचाव खेळाडू ठरला. त्याच वर्षी जानेवारीत, लॅम्बो फील्डवर सुपर बोलमध्ये जाण्यासाठीच्या सामन्यात, मध्यंतराला काही सेकंद उरले असताना टॅम्पा बेच्या स्कॉटी मिलरने किंगला मागे टाकून ३९ यार्डांचा चेंडू झेलला आणि टचडाउन केला, म्हणजे चेंडू शेवटच्या रेषेपलीकडे नेऊन गुण मिळवले. पॅकर्स तो सामना ३१-२६ असा हरले. चार क्रमांक खाली सरकून मिळालेली एक जादा निवड त्या दिवशी कोणाच्याही आठवणीत नव्हती. तरीसुद्धा मी खाली उतरण्याच्या धोरणाला दोष देणार नाही. एखाद्या व्यवहाराचे मोल तो करताना हाती असलेल्या माहितीवरून ठरवावे लागते, आणि वॉट इतका मोठा होईल हे ठाऊक असते तर तो तिसाव्या क्रमांकापर्यंत उरलाच नसता.

आता पुन्हा लव्हकडे वळू. नेहमीची तक्रार अशी, की त्या रात्री रिसीव्हर घेतला असता तर रॉजर्सला आणखी एक सुपर बोल मिळाला असता. पंचविसाव्या क्रमांकावर ब्रँडन आयुक गेला होता आणि टी हिगिन्स तेहतिसाव्यावर गेला, हे खरे. पण रॉजर्स २०२० आणि २०२१ अशी दोन्ही वर्षे लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि आक्रमण ही त्या संघाची दुखरी बाजू नव्हतीच. माझ्या मते खरी किंमत दोन ठिकाणी चुकती झाली. पहिली म्हणजे लव्हची स्वस्त वर्षे. त्याचा पहिला करार चार वर्षांचा, सुमारे १ कोटी २४ लाख डॉलरचा होता. त्यातील तीन हंगाम तो बाकावर होता. स्वस्त क्वार्टरबॅक ही या लीगमधली सर्वांत मोलाची वस्तू आहे, कारण वाचलेल्या पैशातून संघाला इतर जागांवर महागडे खेळाडू घेता येतात. पॅकर्सना ही सवलत फक्त २०२३ च्या एका हंगामापुरती मिळाली. त्या हंगामात लीगमधला सर्वांत तरुण संघ घेऊन लव्हने ३२ टचडाउन फेकले आणि डॅलसला त्यांच्याच मैदानावर ४८-३२ असे हरवले. जुलै २०२४ मध्ये त्याच्याशी चार वर्षांसाठी २२ कोटी डॉलरचा करार झाला आणि स्वस्ताई संपली. दुसरी किंमत त्याच ड्राफ्टच्या दुसऱ्या दिवशीची. दुसऱ्या फेरीत ए. जे. डिलन हा धावक आणि तिसऱ्या फेरीत जोसाया डेग्वारा यांची निवड झाली. संघात ॲरन जोन्ससारखा धावक असताना, आणि तोही पाचव्या फेरीत मिळालेला असताना, बासष्टावा क्रमांक धावकावर घालवण्याचे समर्थन मला आजही करता येत नाही. पहिल्या फेरीत भविष्याचा विचार केला होता, तर दुसरी आणि तिसरी फेरी वर्तमानासाठी वापरायला हवी होती. चाहत्यांचा सारा राग लव्हवर निघाला आणि या दोन निवडी मात्र चर्चेतून सुटल्या.

ऑगस्ट २०२५ मध्ये पॅकर्सनी स्वतःचा रिवाज मोडला. डॅलसकडून मायका पार्सन्सला आणण्यासाठी त्यांनी २०२६ आणि २०२७ च्या पहिल्या फेरीतल्या दोन्ही निवडी आणि अनुभवी बचावपटू केनी क्लार्क दिला, आणि पार्सन्सशी चार वर्षांचा १८ कोटी ८० लाख डॉलरचा करार केला. पार्सन्सचे काम प्रतिस्पर्धी क्वार्टरबॅकवर चालून जाण्याचे. लीगमधल्या पहिल्या चारही हंगामांत त्याने प्रत्येकी किमान १२ वेळा क्वार्टरबॅकला चेंडूसकट खाली पाडले होते. याच कामासाठी पॅकर्सनी २०१९ मध्ये बाराव्या क्रमांकावर रशान गॅरी आणि २०२३ मध्ये तेराव्या क्रमांकावर ल्युकस व्हॅन नेस घेतला होता. दोघेही उपयोगी आहेत, पण ज्याच्या भीतीने प्रतिस्पर्ध्याला अख्खी योजना बदलावी लागते असा खेळाडू त्या दोन निवडींतून निघाला नाही. पॅकर्स बहुतेक वर्षी जिंकत असल्याने त्यांची पहिल्या फेरीतली निवड विसाव्या क्रमांकाच्या पुढेच असते, म्हणजे दिलेल्या दोन्ही निवडी तक्त्यात प्रत्येकी सातशे-आठशे गुणांच्या. नाणेफेकीसारख्या दोन संधी देऊन, २६ वर्षांचा आणि स्वतःला सिद्ध केलेला खेळाडू आणणे मला योग्यच वाटते. डिसेंबर २०२५ मध्ये डेन्व्हरच्या सामन्यात त्याच्या गुडघ्याचा अस्थिबंध फाटला. त्याचे अतिशय वाईट वाटले, पण मत बदलले नाही.

या व्यवहाराने पुढच्या ड्राफ्टवर बंधने मात्र घातली आहेत. लव्ह आणि पार्सन्स या दोघांचेच पगार मर्यादेचा मोठा हिस्सा खातात, म्हणून उरलेल्या जागा दुसऱ्या ते सातव्या फेरीतल्या स्वस्त खेळाडूंनी भरायला हव्यात. आक्रमणातल्या रक्षकांच्या बाबतीत पॅकर्सना हे फार पूर्वीपासून जमते: जॉश सिटन, टी. जे. लँग, डेव्हिड बाख्तियारी आणि झॅक टॉम हे सगळे चौथ्या फेरीतले. म्हणून वर चढण्यासाठी चौथ्या-पाचव्या फेरीतल्या निवडी खर्चू नयेत, हा माझा पहिला आग्रह आहे.

दुसरा आग्रह क्वार्टरबॅकचा. तेव्हाचे सरव्यवस्थापक रॉन वुल्फ यांनी १९९२ मध्ये पहिल्या फेरीतली निवड देऊन अटलांटाकडून फार्व्हला आणले, तेव्हा लीगच्या सामन्यांत त्याने फेकलेला एकही चेंडू सहकाऱ्याच्या हाती पोहोचलेला नव्हता. फार्व्ह स्थिरावल्यावरही वुल्फ थांबले नाहीत. १९९३ मध्ये पाचव्या फेरीत मार्क ब्रुनेल, १९९८ मध्ये सहाव्या फेरीत मॅट हॅसलबेक आणि १९९९ मध्ये चौथ्या फेरीत ॲरन ब्रुक्स असे तरुण क्वार्टरबॅक ते घेत राहिले, त्यांना घडवत राहिले, आणि तिघेही पुढे इतर संघांचे मुख्य क्वार्टरबॅक झाले. हॅसलबेक सिअॅटलला देताना तर पॅकर्सना पहिल्या फेरीत सतराव्या क्रमांकाऐवजी दहावा क्रमांक आणि वर तिसऱ्या फेरीतली एक निवड मिळाली. सहाव्या फेरीतल्या एका नावातून एवढे उत्पन्न निघते, आणि लव्हला दुखापत झाली तर संघ उघडाही पडत नाही. गुटेकुन्स्ट यांनी २०२३ मध्ये पाचव्या फेरीत शॉन क्लिफर्ड आणि २०२४ मध्ये सातव्या फेरीत मायकेल प्रॅट घेऊन तसा प्रयत्न करून पाहिला. दोघेही टिकले नाहीत. लव्हचा करार २०२८ पर्यंत आहे. पहिल्या फेरीविना जाणाऱ्या या दोन ड्राफ्टमध्येही तिसऱ्या दिवशीची, म्हणजे चौथ्या ते सातव्या फेरीतली, एक निवड त्यांनी पुन्हा क्वार्टरबॅकवर लावावी, असे मला वाटते.